शेवळासोबत काकड का लागतं? रानभाज्यांमागचं शास्त्र, सोप्या भाषेत

जूनच्या पहिल्या आठवड्यात कर्जत, मुरबाड, पालघरच्या बाजारात ठाकर, कातकरी, वारली बाया शेवळं घेऊन बसतात. वीतभर लांबीची, जांभळट-तपकिरी, मिटलेल्या छत्रीसारखी दिसणारी ही फुलं. त्यांच्या जुड्या फडक्यावर मांडलेल्या असतात आणि शेजारी हिरव्या, आवळ्याहून लहान फळांचा वाटा असतो. ही फळं म्हणजे काकडं.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा शेवळं घेतली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "काकडं पन घ्या ताई, नायतर घसा धरंल." माझ्या फोनवरच्या पाककृतीत काकडाचा उल्लेख नव्हता. मी काकडं न घेताच घरी आले, पाककृतीप्रमाणे भाजी केली आणि दुसऱ्याच घासाला घरातल्या चौघांच्याही जिभेला, घशाला सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. कोकमाचं सार प्यायलो, तासाभराने उतरलं. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. काकड घालायचं हे त्या मावशींना कळलं कसं? आणि जी गोष्ट त्यांच्या लेखी इतकी साधी आहे, ती माझ्या फोनमधल्या पाककृतीतून गळली कशी?

आता दरवर्षी ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात. त्या दिवसांत फोनवर याद्या फिरतात. भाजीचं नाव, फोटो, खाली दहा फायदे. या याद्या वाचून बरेच जण गोंधळतात. कोणी रस्त्याकडेचं रोप उपटून "हे खाल्लं तर चालेल का?" म्हणून विचारतं, तर कोणी "हे सगळं विषारी, नादी लागू नका" म्हणून हात झटकतं. दोघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने हा विषय मुळापासून मांडते.

रानभाजी म्हणजे नक्की काय?

जी कोणी पेरली नाही, जिला कोणी खत-पाणी घातलं नाही, तरी जी उगवते आणि खाता येते, ती रानभाजी. "रान" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल येतं, पण यातल्या निम्म्या भाज्या शेताच्या बांधावरच असतात. तांदुळजा, घोळ, कुर्डू, केना, पाथरी, चिवळ यांना शेतकरी तण म्हणतो. फोडशी, शेवळं, लोत या डोंगरउताराच्या भाज्या. करटुली, चाई हे वेल. कोरळासारख्या काहींची झाडाची कोवळी पानं खुडतात. रुखाळू तर झाडाच्या खोडावरच वाढतो. त्यापलीकडे कंद आहेत, मोहाची फुलं आहेत, बांबूचे कोंब आहेत, पावसाळी अळंबी आहेत.

एकाच झाडाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या महिन्यांत ताटात येतात. भारंगीची आधी पानं, मग फुलं. चाईच्या वेलाचा मोहर पावसाळ्यात आणि कंद नंतर. मोहाची फुलं उन्हाळ्यात वेचायची, पुढे त्याच झाडाच्या बियांचं तेल काढायचं. "ही भाजी खातात का?" या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नसतं. कोणता भाग, कोणत्या दिवसांत आणि कसा शिजवून, हे तिन्ही कळल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

शेतकरी घरांनाही हा विषय परका नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपल्याकडे न नांगरलेल्या जमिनीतली भाजी करतात. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना अनेक घरांत वाघाटीची भाजी लागतेच. नांगराच्या आधीच्या जेवणाची खूण या दोन दिवसांपुरती आपल्या घरात उरली आहे. आदिवासी पाड्यांवर तेच जेवण पावसाळाभर रोजचं असतं.

झाड विषारी का होतं?

प्राण्याला धोका दिसला की तो पळतो. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते दाराला कुलूप लावतं. काटे हे उघड दिसणारं कुलूप. बाकीची कुलपं रसायनांची असतात आणि ती चावल्यावरच कळतात. स्वयंपाक म्हणजे ही कुलपं उघडण्याची कला. आणि प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी.

शेवळं सुरणाच्या जवळच्या नात्यातली, आणि अळूही त्याच कुळातलं. या कुळाचं कुलूप म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे अतिसूक्ष्म, सुईसारखे टोकदार स्फटिक. चावल्याबरोबर ते जिभेत, घशात रुततात आणि खाज सुटते. आपल्या आज्या अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात? सुरणाला कोकम का लावतात? तीच किल्ली. आंबटाबरोबर नीट शिजवलं की खाज मरते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. सह्याद्रीच्या उतारावर चिंचेऐवजी काकडाचं आंबट, तुरट फळ आहे, आणि शेवळं बाजारात येतात तेव्हा ते हाताशी असतं. म्हणून शेवळात काकडाचा रस.

पण नुसतं काकड पुरत नाही. मावशींनी मला नंतर शेवळ उलगडून दाखवलं. वरचं गुंडाळलेलं पान सोडवलं की आत दांडा दिसतो. त्याच्या तळाशी बारीक दाण्यांचा पिवळसर पट्टा असतो. त्यांनी नखाने तो पट्टा खरवडून बाजूला टाकला. "ह्यो खाजरा. ह्यो न्हाई घ्यायचा." बाकीचं बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं, मग काकडाचा रस. वसईकडे आणि मुंबईतल्या सीकेपी, पाठारे प्रभू घरांत यात सोडे किंवा कोलंबी पडते आणि ती भाजी वर्षातून एकदा व्हावी म्हणून लोक वाट बघतात. पण खाजरा भाग कोणता, हे सांगणारं बोट मात्र डोंगरावरून आलेलं असतं.

दुसरं कुलूप कडू कंदांचं. कडू करांद्यासारख्या कंदांत कडू आणि विषारी द्रव्यं असतात. ते तसेच उकडून खाल्ले तर उलट्या होतात, जास्त खाल्ले तर याहून वाईट. याची किल्ली फार कष्टाची. कंदाचे पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवून द्यायचे. राख अल्कधर्मी असते, म्हणजे चुन्यासारखी, आंबटाच्या उलट गुणाची. उकडल्याने आणि राखेने काप मऊ पडतात आणि वाहतं पाणी आतलं कडूपण धुऊन नेतं. शेवटी एक तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर पुन्हा पाण्यात. आपण कारल्याला मीठ लावून पिळतो, त्याच जातीची ही युक्ती, फक्त इथे चुकीची किंमत मोठी.

तिसरं कुलूप बांबूच्या कोंबांचं. कोकणात वासते, विदर्भात वास्ते म्हणतात ते. कोवळ्या कोंबात असं एक द्रव्य असतं, की कोंब कापला-चावला की त्यातून सायनाइड सुटतं. ऐकून धसका बसतो, पण किल्ली सोपी आहे. पातळ चिरायचं, भिजत घालायचं, उकळायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. उष्णतेने हे द्रव्य मोडतं, सुटलेला वायू उडून जातो, उरलंसुरलं पाण्याबरोबर जातं. कोंबाचं पाणी आमटीला वापरू नये, हे कोणत्याही पाड्यावरची मुलगी सांगेल. फोनवरच्या पाककृतींत मात्र "पौष्टिक पाणी फेकू नका" असा सल्ला मी स्वतः वाचला आहे. पालकाला तो लागू आहे. बांबूच्या कोंबाला तो जिवावर बेतू शकतो.

आठ दिवसांचं दार

कोवळं, जून, निबर हे शब्द आपण भेंडी घेताना वापरतो. रानभाजीत ते शब्द म्हणजे पंचांग असतं. टाकळा पहिल्या पावसानंतर गावठाणात, रस्त्याकडेला भराभर उगवतो. तेव्हाची बोटभर रोपं, त्यांचे शेंडे ही भाजी. फुलं यायला लागली की पान राठ होतं, वास उग्र होतो आणि भाजी बंद. कुर्डूचं तसंच. त्याचा गुलाबी-पांढरा तुरा शेतात दिसायला लागला की तो बघायचा, खुडायचा नाही.

याचं कारण कुलपाच्याच उपमेत सांगता येतं. रोप उगवल्यावर आधी वाढण्याच्या घाईत असतं. दारं-खिडक्या बसवायला त्याला अजून वेळ मिळालेला नसतो. पानांत धागा कमी, अनेकदा कडू-तुरट द्रव्यंही कमी. फूल, बी धरायची वेळ आली की त्याच्याकडे जपण्यासारखं काहीतरी असतं. पाड्यावरच्या बाईला तारीख माहीत असायची गरज नसते. कितवा पाऊस झाला, दुसऱ्या कोणत्या झाडाला पालवी फुटली, यावरून तिला कळतं.

आणखी एक गोष्ट या वेळेशी जोडलेली आहे. जून ते ऑगस्ट हे महिने डोंगरातल्या घरात सर्वांत अडचणीचे. कणगीतलं भात, नाचणी संपत आलेली, नवं पीक अजून शेतात आणि भातलावणीचं काम अंगावर. नेमक्या याच दिवसांत डोंगर हिरव्या भाज्यांनी भरतो. आपण पावसाळ्यात हौस म्हणून खातो, ते तिथे कित्येक पिढ्या गरज म्हणून खाल्लं गेलं आहे. ज्ञान इतकं बारीक का झालं, त्याचं एक कारण हे. चुकायची चैन नव्हती.

मग फोटो बघून ओळखता येईल का?

नाही. यावर मी ठाम आहे.

टाकळ्याचंच घ्या. टाकळ्यासारखं दिसणारं त्याच्याच जातकुळीचं एक झुडूप आहे, कासविंदा. काही भागांत त्याला रानटाकळा म्हणतात. दोन्ही पडीक जागी वाढतात, दोघांची फुलं पिवळी. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला गोलसर, रुंद. कासविंद्याला चार ते सहा जोड्या आणि पर्णिका टोकदार. फरक इतकाच.

हा फरक किती महाग पडू शकतो ते ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ साली दिसलं. तिथे आदिवासी मुलं मोठ्या संख्येने दगावली. सुरुवातीला सगळा दोष मेंदूज्वराला दिला गेला. नंतर तज्ज्ञांच्या पथकाने यातल्या बऱ्याच मुलांच्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बियांशी जोडला. मुलांनी त्या बिया खाल्ल्या होत्या आणि त्यांतल्या द्रव्यांनी यकृतावर, मेंदूवर घाला घातला होता. त्याआधी पश्चिम उत्तर प्रदेशातही याच झाडाने मुलांचे जीव घेतले होते.

दुसरं उदाहरण कळलावीचं. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं तिचं फूल पावसाळ्यात कुंपणांवर दिसतं आणि पानाचं टोक तारेसारखं वळलेलं असतं. फूल असताना ती चुकून ओळखली जाणार नाही. पण फूल, पान वाळून गेल्यावर जमिनीत राहतो तो कंद, आणि तो खाण्याच्या कंदासारखा भासतो. त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं.

नावांवरही भिस्त ठेवता येत नाही. एकाच भाजीला कुठे फोडशी, कुठे कुलू, कुठे कोळी भाजी म्हणतात. उलट एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असतं. म्हणून अकोल्याच्या माणसाने लिहिलेली यादी डहाणूत वापरताना चूक होऊ शकते. फोनवरची झाडं ओळखणारी ॲप फुलाच्या फोटोवरून बऱ्यापैकी सांगतात, पण रानभाजी खुडतात ती फूल यायच्या आधी.

"पण हे विज्ञान थोडंच आहे?"

हा आक्षेप मी सुशिक्षित मित्रांकडून वारंवार ऐकते. खाऊन बघितलं, जगले ते सांगायला उरले, यात ज्ञान कसलं?

कडू करांद्याकडे पुन्हा बघा. काप पातळ हवेत, राख हवी, पाणी वाहतं हवं, शेवटी जिभेवर चाचणी. हे निव्वळ नशिबाने सापडत नाही. कोणीतरी एक गोष्ट बदलून बघितली, परिणाम लक्षात ठेवला, दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्याने पडताळून पाहिला. प्रयोगशाळा नव्हती, वही नव्हती. पण निरीक्षण, बदल, पडताळणी या तिन्ही गोष्टी होत्या, आणि या बहुतेक बायकांच्या हातून झाल्या. झाडाचं लॅटिन नाव आणि रेणूचं सूत्र हे पुढच्या लोकांनी त्याच ज्ञानावर चढवलेले मजले आहेत.

तेवढ्याच स्पष्टपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. जुनं आहे म्हणून सगळं खरं, असंही नाही. अमुक भाजीने मधुमेह बरा होतो, तमुक कंदाने कर्करोग जातो, असे दावे फलकांवर सर्रास छापतात. यातले बरेच दावे पाड्यावरच्या बाईने केलेलेच नसतात. ती म्हणते, "पोटाला चांगली, पावसाळ्याची पहिली भाजी खावी." त्याचा मधुमेहाचा उपाय होतो तो शहरातल्या संगणकावर. खाण्याचं ज्ञान रोज, हजारो ताटांत तपासलं गेलं आहे. औषधाच्या दाव्याला रुग्णांवरच्या रीतसर चाचण्या लागतात. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर दोन्हींना न्याय मिळतो. आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ऑक्झॅलेटच्या भाज्या बेतानेच खाव्यात, मग त्या रानातल्या असोत की मंडईतल्या.

"इतकं पौष्टिक, तर पाड्यांवर कुपोषण का?"

हा प्रश्न कधी खोचकपणे विचारला जातो, पण प्रश्न योग्य आहे. मेळघाट, पालघर, नंदुरबार ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात ती काही भाज्यांसाठी नव्हे.

पालेभाजी लोह देते, कॅल्शियम देते, जीवनसत्त्वं देते. पोट भरायला लागणारी ऊर्जा ती फारशी देत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात किती पाला मावणार? त्याला डाळ हवी, तेल हवं, अंडं हवं, दिवसातून चार-पाच वेळा खायला हवं. पानांतल्या ज्या द्रव्यापासून आपलं शरीर जीवनसत्त्व अ बनवतं, ते अंगी लागायलाही सोबत थोडं तेल लागतं. पूर्वी हे तेल जंगलातूनच यायचं. मोहाच्या बियांचं, घाण्यावर काढलेलं. मोहाचं झाड गेलं, घाणा गेला, की भाजी आहे पण ती मिठाच्या पाण्यात शिजते.

त्यात स्थलांतर. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहा-सात महिने त्यांना ना आपलं रान, ना आपलं शेत. एका जेवणातलं भाजी, कंद, मासे, खेकडे, मोह, कडधान्य हे सगळं मिळून जे पोषण होतं, त्यातलं एकेक निखळत गेलं. उरलेल्या भाजीकडे बोट दाखवून "हे खा, सुधाराल" म्हणणं अन्यायाचं आहे.

हे ज्ञान कोणाचं?

इथून विषय स्वयंपाकघरातून कायद्यात जातो.

डिसेंबर १९८७. केरळमधल्या अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांचं एक पथक चढत होतं, सोबत वाटाडे म्हणून काणी जमातीचे तरुण. शास्त्रज्ञ थकले, वाटाडे ताजेतवाने. ते अधूनमधून एका रोपाची छोटी फळं तोंडात टाकत होते. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी ते रोप दाखवलं, आरोग्यपच्चा. त्यावर संशोधन होऊन 'जीवनी' हे टॉनिक तयार झालं. १९९५ साली ते बनवण्याचा परवाना एका औषध कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटीवर दिला गेला आणि संशोधन संस्थेने यातला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा न्यास स्थापन झाला. रानात तोंडात टाकायच्या फळाच्या माहितीलाही मोल असतं आणि ते मोल सांगणाऱ्याला मिळायला हवं, ही गोष्ट जगापुढे आली ती अशी.

त्याच सुमारास हळदीची लढाई झाली. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण आपण जिंकलो कशावर? संस्कृत ग्रंथांतले आणि जुन्या वैद्यकीय नियतकालिकातले लेखी पुरावे दाखवता आले म्हणून. पुढे २००१ पासून असे पुरावे एकत्र करायला पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. तेही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. कडू करांदा ओढ्यात किती वेळ ठेवायचा, हे कोणत्या ग्रंथात आहे?

कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेल्या ज्ञानाला संहिताबद्ध म्हणतात. तोंडी ज्ञान त्याच्या बाहेर. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आणल्या. गावातल्या लोकांनीच आपली झाडं, प्राणी, त्यांचे उपयोग लिहून ठेवायचे, ही माधव गाडगीळ यांनी आयुष्यभर लावून धरलेली कल्पना. उत्तम कल्पना. पण राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या. झाडांची नावं आली, रीत राहिली. २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे तोंडी ज्ञान कोणीतरी आधी ग्रंथात घालून मोकळं होईल आणि मग त्यावर हक्क कोणाचाच राहणार नाही, अशी भीती आहे, आणि मला ती रास्त वाटते.

त्यामानाने २००६ चा वनहक्क कायदा जास्त उपयोगी आहे. त्यात कंदमुळांसकट गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या गोष्टींवर, ग्रामसभेचा हक्क मान्य आहे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरही समाजाचा सामूहिक हक्क आहे, असं तो स्पष्ट म्हणतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्यांपैकी एक. जंगलात शिरायची परवानगीच नसेल तर जंगलाचं ज्ञान वहीत राहून काय कामाचं?

"आपण सगळे खायला लागलो तर रान ओसाड होईल ना?"

होऊ शकतं. सफेद मुसळीचं झालंच. औषधी मुळांना भाव आला आणि मुळासकट उपटणारे टोळीने आले. पण पाड्यावरच्या रीतीत खुडणं आहे, उपटणं क्वचित. शेवळाचं फूल घेतात, कंद जमिनीत राहतो. करटुलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. फळ न धरणारा वेल वांझ समजून कोणी तोडला तर शेजारच्या मादी वेलाची फळंही बंद होतील, हे जाणत्या बाईला माहीत असतं. वारली पाड्यांवर पावसाची पहिली कोळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. गडचिरोलीच्या माडिया-गोंडांत नवं फळ, नवं फूल खाण्याआधी पंडुम, म्हणजे त्या हंगामाचा सण, करतात. या रीतींमागे श्रद्धा आहे, आणि माझ्या मते त्यांचा एक परिणाम असा, की सगळ्या गावाच्या साक्षीने हंगाम उघडतो आणि तोवर रोपाला वाढायला सवड मिळते.

खाणाऱ्यांपेक्षा मोठा धोका दुसरीकडे आहे. बांधावर तणनाशक मारलं की तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी एका फवाऱ्यात जातात. डोंगरउतार सपाट करून त्यावर बंगल्यांचे भूखंड पडले की फोडशी कुठे उगवेल? आणि फवारलेल्या बांधावर चुकून उगवलेली भाजी खुडणाऱ्या बाईला तिथे काय मारलंय, हे कोणी सांगत नाही. कुलपं उघडण्याची तिची सगळी विद्या या नव्या विषापुढे निरुपयोगी आहे. ते ना कडू लागतं, ना खाजतं.

बाजारात घेताना

जी बाई भाजी स्वतः खुडून आणते तिच्याकडूनच घ्या. तिला तीन गोष्टी विचारा: कोणता भाग टाकायचा, पाणी फेकायचं का, सोबत काय घालायचं. ती सोबत काही घ्यायला सांगत असेल तर घ्या. पहिल्यांदा थोडंच खा. स्वतः खुडायला जाऊ नका, आणि गेलातच तर जाणत्या माणसाबरोबर जा. भावात घासाघीस करू नका. पहाटे डोंगर चढून, पानं निवडून, पहिली गाडी पकडून ती आलेली असते.

गेल्या जूनमध्ये मी त्याच मावशींकडे गेले होते. त्या काकडांचे वाटे लावत होत्या. एक फळ उचललं, दाबून बघितलं आणि बाजूला टाकलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "हातालाच कळतं." त्यांची नात आठवीत आहे, आश्रमशाळेत राहते. हे सगळं तिला येतं का, असं मी विचारलं.

"शाळा जूनला सुरू होते ताई. पोरगी घरी येते ती दिवाळीला. तवा कुठली आलीत शेवळं?"